भावानं बायको-पोरीले चाकणले न्यावं, का गावातच राहू द्यावं?

खारपाणपट्टा, रविवार रात्री ९.४०

राम राम मंडळी. शुद्ध लिहाचा प्रयत्न करतो पण मधात मधात वऱ्हाडी येईनच, सांभाळून घ्या.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले. सात एकर वावर, दोघा भावात. सगळं खारपाणपट्ट्यात. ज्याले माहीत नाई त्याच्यासाठी सांगतो, पूर्णा नदीच्या आजूबाजूचा अमरावती-अकोला-बुलडाण्याचा हा पट्टा, माती काळीशार, पाहुणा आला की म्हणते काय जमीन आहे राजेहो, पण खालचं पाणी खारट. बोअर मारली तर पाणी लागते, तेच पाणी पिकाले देलं की दोन-तीन सालात वावर चोपण, म्हणजे कडक अन् नापीक. मंग पावसावर जे येईन ते. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी, जमलं तर चना, अन् उलंगवाडी झाली, म्हणजे कापूस वेचून संपला की मृगापर्यंत माणूस रिकामा. त्या रिकाम्या चार महिन्यांपायीच आमचे पोट्टे पुण्याले गेले, पयले चार महिन्यांसाठी, मंग कायमचे.

धाकला भाऊ आयटीआय फिटर. २०१८ ले चाकणले गेला. सुरवातीले 'नीम ट्रेनी' म्हणून घेतला, म्हणजे काम कामगाराचं अन् नाव शिकाऊचं, पीएफ नाई काई नाई. आता कंत्राटदाराकडून लाईनवर आहे, हातात एकोणीस हजार येतात, ओव्हरटाईम भेटला तर बावीस. महाळुंग्याकडं चार पोट्ट्यांत एक रूम. घरी सात-आठ हजार पाठवते. बायको अन् पोरगी इथं आमच्याजवळ, पोरगी औंदा पयलीत गेली. माय ६४ वर्षाची.

आता त्याचं म्हणणं आहे का बायको-पोरीले घेऊन जातो. पोळ्याले आला होता तवा हाच विषय. मी हिशोब मांडून पाह्यला. सेपरेट रूम साडेपाच हजार, लाईट, सिलिंडर, दूध, किराणा, पोरीची शाळा, रिक्षा, दवाखाना, कसाही ओढला तरी सतरा-अठरा हजार जातात. उरते काय, तर हजार रुपये, अन् त्या महिन्यात ताप आला तर तेही नाई. इथं रूमभाडं नाई, तुरीची डाळ घरची, ज्वारी घरची, राशनचा गहू-तांदूळ. अन् वावरातलं काम? दोघं भाऊ असून एकच भाऊ वावरात, ते काम कोण करन. भावजय आहे म्हणून निंदण-वेचणी निभते.

मी त्याले म्हणलं घाई नको करू, परमनंट होय मंग ने. तो फोनवर जास्त बोलत नाई आता. कोणाले असा अनुभव असन तर सांगा. हिशोबात माझं काही चुकून रायलं का?

चाकण_चौक, रविवार रात्री १०.२५

दादा मी वाशीम जिल्ह्यातला, २०१५ पासून चाकणात, फॅमिली २०१९ मध्ये आणली. तुमचा हिशोब बरोबर आहे पण त्यात डिपॉझिट टाकलं नाही, रूममालक दोन-तीन महिन्यांचं घेतोच. आणि टँकर. नाणेकरवाडी, खराबवाडी, मेदनकरवाडी, कुठेही जा, उन्हाळ्यात पाण्याचे वांधे. इथले मालक म्हणजे मूळचे कांद्या-बटाट्याचे शेतकरी, एमआयडीसीत जमीन गेली, पैसे आले, उरलेल्या गुंठ्यात चाळी बांधल्या. दहा बाय दहाच्या पंधरा-वीस खोल्या, पुढे अरुंद पडवी, टोकाला दोन संडास. माझा मालक स्वतःच म्हणतो, आमच्या वावरात आता खोल्याच उगवतात आणि पाऊस पडो न पडो पीक येतंच. माणूस चांगला आहे पण भाडं पाच तारखेला म्हणजे पाचलाच.

एक सांगू का. परमनंट होऊ दे मग ने म्हणालात ना, तसं थांबला तर पोरीचं लग्न होईल. आमच्या लाईनवर दीडशे माणसं, परमनंट बोटावर मोजण्याइतके. काही महिने झाले की ब्रेक देतात, पुन्हा घेतात, कधी त्याच कंपनीत दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर, शर्टाचा रंग तेवढा बदलतो. पीएफचे माझे तीन वेगवेगळे खाते झाले होते, एका यूएएनला (पीएफचा कायमचा नंबर) जोडता जोडता वर्ष गेलं. तुमच्या भावाला सांगा यूएएन एकच ठेव आणि प्रत्येक कंत्राटदाराला तोच नंबर दे. हे काम मात्र आजच करायला सांगा.

सदाशिव_नाही_पण_पुणेकर, रविवार रात्री ११.०२

कुणाला राग येऊ नये पण दुसरी बाजूही बघा. मी पिंपरीत जन्मलो, वडील भोसरीत कामाला होते. आज घरापासून तळवडे चौक ओलांडायला सकाळी पाऊण तास लागतो. पाणी दिवसाआड. चाकण-तळेगाव रस्त्याची अवस्था तर विचारू नका. शहराला एक मर्यादा असते की नाही? प्रत्येकजण बायकामुलं घेऊन इथेच येणार असेल तर गावं कशाला आहेत? सरकारने गावात रोजगार द्यावा, रोजगार हमी आहे की. आणि खरं सांगायचं तर गावाकडं मजूर मिळत नाही म्हणून शेतकरी रडतो आणि इकडे चौकात मजुरांची गर्दी, हे गणित मला तरी कळत नाही.

पांदण, रविवार रात्री ११.३०

तुमचे वडील भोसरीत कुठून आले होते हो? (उत्तर नका देऊ, मले माहीत आहे. सातारा नाई तं नगर.)

सदाशिव_नाही_पण_पुणेकर, रविवार रात्री ११.३४

जुन्नर. :) बरं, मुद्दा मान्य.

आकडेमोड, सोमवार सकाळी ७.१५

सकाळी चहाबरोबर धागा वाचला. पुणेकरांनी गणित कळत नाही म्हटलंय म्हणून थोडे आकडे, झोप आली तर पुढची प्रतिक्रिया वाचा.

पिंपरी-चिंचवड २००१ मध्ये १० लाखांच्या थोडं वर होतं, २०११ ला १७ लाख २७ हजार. दहा वर्षांत ७० टक्के. त्याच दशकात वर्धा जिल्हा वाढला ५.२ टक्के, भंडारा ५.६ टक्के, आणि राज्याची सरासरी १६. भंडाऱ्याच्या बाया काही एकाएकी कमी बाळंत व्हायला लागल्या असं नाही (थोडा जन्मदर कमी झाला हेही खरं), माणसं निघून गेली. म्हणजे एका टोकाची सूज आणि दुसऱ्या टोकाची वाळवण एकाच तक्त्यात दिसते.

पण शहर वाढतं ते सगळं बाहेरच्यांमुळे नाही. शहरात राहणाऱ्यांनाही मुलं होतात, आणि शहर गावं गिळतं. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली, त्या गावातला माणूस रात्री गावकरी म्हणून झोपला आणि सकाळी नागरिक म्हणून उठला, कुठेही न जाता. आणि उलटही होतं, मुंबई शहर जिल्ह्याची म्हणजे कुलाबा ते माहीम-सायनची वस्ती २००१ ते २०११ मध्ये ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली, तेव्हाच ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. गिरण्या बंद, जागा महाग, गरीब आधी कल्याण-डोंबिवलीला गेला मग त्याच्याही पुढे. शहर मधून रिकामं होतं आणि कडेनं फुगतं. चाकण ही तशीच कड आहे.

आणि एक गंमत. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींवर स्थलांतरित आहेत. एवढे चाकणला आले असते तर... त्यातल्या बायकांचं सगळ्यात मोठं कारण 'लग्न' आहे. म्हणजे दर्यापूरची मुलगी अंजनगावला दिली की ती स्थलांतरित. आणि जो चार महिने जाऊन होळीला परत येतो तो बहुतेक कुठेच मोजला जात नाही. त्यानंतरची जनगणना २०२१ ला झालीच नाही, त्यामुळे आपण अजून चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर भांडतोय.

ठिय्या, सोमवार दुपारी १.१०

जेवणाची सुट्टी आहे थोडक्यात लिहितो. मी नागपूरले सेंट्रिंगचं काम करतो, गाव उमरेडकडं. पुण्या-मुंबईत नाका किंवा अड्डा म्हणते, आमच्याकडं ठिय्या म्हणते. सकाळी सातला डबा घेऊन उभं रायचं, साडेनऊ वाजले की घरी, मंग कोणी नेत नाई. ठिय्यावर अर्धे छत्तीसगडचे, मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे, कायले म्हणजे ते पन्नास कमी घेते. आमचे पोट्टे पुण्यात जाऊन तिथल्यापेक्षा पन्नास कमी घेते. असंच चालू आहे सगळीकडं.

खारपाण दादा, तुमच्या भावाले निदान पीएफ तरी आहे. बांधकाममजुरासाठी १९९६ ले कायदा आला, बिल्डरकडून खर्चाच्या एक टक्का सेस घेते, त्यातून मजुरांचं कल्याण मंडळ चालते, पण नोंदणीले वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागते. रोज वेगळ्या माणसाकडं काम करणाऱ्याले ९० दिवसांचं लिहून कोण देईन? ठेकेदार सही करत नाई, केली तर तो कामावर होता हे सिद्ध होते ना. अन् आमच्या गावात ज्यानं जिंदगीत घमेलं उचललं नाई त्याच्या घरी मंडळाच्या भांड्याची पेटी आली. मी मागच्या साली स्लॅबवरून पडलो, पाय मोडला, ठेकेदारानं दवाखान्याच्या गेटवर तीन हजार देले अन् फोन बंद. नोंदणीची पावती नूतनीकरण झाली नव्हती म्हणून तिकडूनही काई नाई. सुट्टी संपली.

पांदण, सोमवार दुपारी २.००

ठिय्या भाऊ काळजी घ्या. याच्यात आणखी एक मेख आहे. स्थलांतरित मजुरांचा जो खास कायदा होता १९७९ चा, तो 'आंतरराज्य' मजुरांसाठी. राज्याची हद्द ओलांडली, ठेकेदारामार्फत गेला, तरच लागू. बालाघाटचा माणूस शंभर-दीडशे किलोमीटरवर नागपूरले आला तर तो कायद्यानं स्थलांतरित, अन् दर्यापूरचा पोट्टा पाचशे किलोमीटरवर चाकणले गेला तर तो घरच्या घरीच. महाराष्ट्र लय मोठा आहे राजेहो.

झाडीची_पोर, सोमवार रात्री ८.४५

सगळे पुण्याबद्दलच बोलतात म्हणून लिहिते. आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडून बाया पुण्याला जात नाहीत, त्या तेलंगणात मिरची तोडायला जातात. धान कापून चुरणे (मळणी) झाले की जानेवारी-फेब्रुवारीत एक बाई गावात नावं लिहून घेते, मग पिकअप येते, तीस-पस्तीस बाया, काखेत लहान लेकरं, वर बोचकी. खम्मम-वरंगलकडं वावरातच ताडपत्रीखाली दोन महिने. मजुरी कुठे पैशात, कुठे मिरचीत. हो, मिरचीतच. परत येताना पोतं घेऊन येतात आणि भाव पडला असेल तर कमाई पडली.

माझी आई जायची म्हणून मला माहीत आहे. हात इतके आग करायचे की रात्री तेल आणि पीठ चोळून झोपायची, आणि आल्यावर आठ दिवस लहान भावाला जवळ घ्यायची नाही, त्याच्या डोळ्याला तिचा हात लागेल म्हणून. तो रडायचा, तिला वाटायचं मुलगा विसरला आपल्याला.

लॉकडाऊनमध्ये तिकडूनच चालत निघालेली छत्तीसगडच्या बिजापूरची १२ वर्षांची मुलगी घराजवळ येऊन मेली, पेपरात आलं होतं. तीही मिरचीलाच गेलेली. त्या वर्षी आमच्या गावच्या बाया नदीतून चालत अलीकडं आल्या, सीमेवर पोलीस होते म्हणून.

खारपाण दादांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. फक्त एवढं की आमच्याकडं बाया जातात, म्हातारी आणि लेकरं गावात राहतात. दिवाळीनंतर मंडई आणि नाटकं असतात तेव्हा मात्र पुणे-हैद्राबादहून पोरं सुट्टी टाकून येतातच, नोकरी गेली तरी चालते पण गावचं नाटक चुकत नाही. :)

सातबारा_माझा_नाही, सोमवार रात्री १०.१५

मी वर्षभर फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. मी बुलडाणा जिल्ह्यातली, नवरा सुरतला आठ वर्षांपासून. मी तुमच्या भावजयीच्या जागेवर आहे म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते.

दादा तुम्ही सगळा हिशोब लिहिला, रूमभाडं लिहिलं, सिलिंडर लिहिलं, दूध लिहिलं. भावजयीची मजुरी कुठे लिहिली? कापूस वेचायला बाहेरची बाई लावली तर किलोमागे दहा-बारा रुपये देता ना, निंदायला रोज तीनशे देता ना, मग घरची बाई पहाटे उठून सैपाक, सासूचं औषधपाणी, लेकरू, मग वावर, मग परत सैपाक, हे तुमच्या हिशोबात शून्य धरलंय. "निभते" म्हणून एका शब्दात मोकळे झालात. मला वाटते तुमचा खरा प्रश्न भावानं न्यावं का हा नाहीच, ती गेली तर कापूस कोण वेचन हा आहे. राग मानू नका.

आणि मागे राहणं म्हणजे काय ते सांगते. वावर मी करते पण सातबारा नवऱ्याच्या नावावर, फोन नंबर नवऱ्याचा. ई-पीक पाहणी करायची तर मी वावरात उभी, बांधावरून फोटो काढायला तयार, आणि ओटीपी जातो सुरतला. तो मशीनवर असतो, फोन लॉकरमध्ये. तो बाहेर येईपर्यंत इकडं नेटवर्क गेलेलं असते. मागच्या साली पीक विम्यासाठी असाच एक ओटीपी हुकला, शेवटची तारीख गेली. पाऊस पडला तो मात्र ओटीपी न मागता माझ्याच वावरात पडला.

लोक म्हणतात नवरा शहरात कमावते. एकोणीस हजारात चाकणला तीन जणांचं घर चालत नाही हे तुम्हीच दाखवलं. मग ते एकोणीस हजार कंपनीला पुरतात कसे? लेकरू इथं मी पोसते, त्याची माय मी सांभाळते, म्हणून पुरतात. त्या कंपनीचा अर्धा पगार दर महिन्याला मी देते आणि मला कोणी पावती देत नाही.

पांदण, सोमवार रात्री १०.४०

🙏 पयल्यांदाच लिहिलं म्हणता, अन् आम्ही इथं दहा वर्षं नुसती बोटं घासून रायलो.

विदर्भवीर_९, मंगळवार सकाळी ९.०५

मूळ दुखणं कोणी बोलत नाही. १९५३ चा नागपूर करार झाला, १९८३-८४ मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष (मागास भागाचा राहिलेला विकास) मोजला, १९९४ ला वैधानिक विकास मंडळं झाली, काय मिळालं? चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, कोराडी, खापरखेडा, तिरोडा, कोळसा आमचा, राख आमची, दमा आमचा आणि कारखाने चाकण-रांजणगावला. वेगळं राज्य झाल्याशिवाय हे पोरं जाणं थांबणार नाही. एकेकाळी नागपूरची एम्प्रेस मिल होती, १८७७ ची, पुलगाव, हिंगणघाट, बडनेरा, अकोला, सगळीकडं गिरण्या. विदर्भाचा माणूस गावातून निघाला तर वीस कोसावर काम होतं. सगळ्या बंद पडल्या किंवा पाडल्या.

सदाशिव_नाही_पण_पुणेकर, मंगळवार सकाळी ९.३०

आला अनुशेष. पाचशे प्रतिसादांचा दुसरा धागा आहे ना त्याच्यासाठी.

पांदण, मंगळवार सकाळी ९.५०

वीर भाऊ, गिरण्यांचं बरोबर बोलले, राज्याचं तिकडच्या धाग्यावर बोलू. पण एक गोष्ट आपण आपल्याच वावरात केली ती कोणाच्या माथी मारणार? आमच्या गावात मी लहान असताना ज्वारी-कापूस होता, एका वावराले चारदा निंदण, बाया श्रावणभर वावरात. मंग सोयाबीन आलं. मंग तणनाशक आलं, पाच एकरचं निंदण एक माणूस पाठीवर पंप घेऊन एका दिवसात करते. सोंगणीले आता हार्वेस्टर. शेतकऱ्याचा खर्च वाचला (म्याही तेच केलं, मी काई साधू नाई) पण भूमिहीन घरातल्या बाईचे वर्षाचे पन्नास-साठ दिवस गेले. मंग ते घर पुण्याले गेलं. अन् वेचणीले अजून मशीन नाई, तिथं बाईच लागते, तवा आपण ओरडतो मजूर भेटत नाई. मंग मेळघाटातून, बैतूलकडून कोरकू मजूर येते, गावाबाहेर पाल टाकून रायते, अन् होळीच्या आत काई झालं तरी वापस जाते, होळी त्यायची दिवाळी. पुणेकरांनी विचारलं होतं ना गणित, हे ते गणित. ज्या दिवसाले काम आहे त्या दिवसाले माणूस पुण्यात असते अन् माणूस असते तवा काम नसते. वर्षातल्या पस्तीस-चाळीस दिवसांसाठी कोणी बाराही महिने गावात थांबत नाई. रोजगार हमी म्हणाल तर ती आपल्या राज्यातच जन्मली, १९७२ च्या दुष्काळातून, पण २०२५-२६ ले दर ३१२ रुपये होता, अन् तेही मस्टर (हजेरीपट) निघालं तर, हप्ता आला तर.

बाकी दर्यापूरच्या माणसानं हा धागा काढावा हेही खासच. त्यांच्या बनोसा स्टेशनवरून शकुंतला रेल्वे जायची, मूर्तिजापूर-अचलपूर, इंग्रजांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईले न्यासाठी टाकलेली. आता गाडी बंद, रुळात बाभळी. कापसाच्या जागी पोट्टे जाते, ते बडनेऱ्यावरून महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात.

गुरुजी_धारणी, मंगळवार संध्याकाळी ६.२०

शाळेचं काम करतो म्हणून तेवढंच सांगतो. पोरगी पहिलीत आहे, न्यायचीच असेल तर टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) नाही म्हणून कोणतीही झेडपी किंवा नगरपालिकेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ आहे. आधी मूल वर्गात बसवायचं, कागद मागून येतात, विद्यार्थ्याचा आयडी ऑनलाईन ट्रान्सफर होतो. चाकण परिसरातल्या काही झेडपी शाळांत निम्मी मुलं विदर्भ-मराठवाडा-बिहारची आहेत असं तिथले मित्र सांगतात, तिच्या भाषेला कोणी हसणार नाही. इंग्लिश मीडियमच्या फीचा बोजा पहिल्याच वर्षी घेऊ नका. आणि वर्षाच्या मध्यात नेऊ नका. आमच्याकडं दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा होतो, होळीला मुलं येतात तेव्हा बाराखडी विसरलेली असतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असतं, मुलं गावातच राहून शिकतात, पण पहिलीचं पोर आईशिवाय राहत नाही हो, रात्री रडतं, मग आजीच घेऊन जाते.

चाकण_चौक, मंगळवार रात्री ९.००

राशनचं राहिलं. कार्ड गावचं असलं तरी इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, वन नेशन वन राशन. कार्डावरच्या काही माणसांचं इथं आणि बाकीच्यांचं गावात असंही उचलता येतं. म्हणजे आईचं राशन बंद होत नाही. फक्त दुकानदार आधी नाही म्हणतो, कोटा नाही म्हणतो, मशीन बंद म्हणतो. तिसऱ्यांदा गेलं की देतो. माझी बायको जाते, मी गेलो तर भांडण होतं.

आणि माझ्या बायकोचं सांगायचं तर तिला पहिले सहा महिने फार जड गेले. गावात कितीही काम असलं तरी चार बायका सोबत असतात, इथं मी बारा तास बाहेर आणि ती भिंतीकडं बघत. मग शेजारच्या नांदेडच्या ताईबरोबर एका छोट्या युनिटमध्ये पॅकिंगला लागली, आठ तास, दहा हजार. तेव्हापासून घरात तिचाच आवाज मोठा आहे. माझ्या पगारात भाडं-किराणा आणि तिच्या पगारातून गावाला आईला तीन हजार, बाकी तिच्या खात्यात. हिशोब एकाच्या पगारावर मांडला तर कोणाचाच बसत नाही, हे खारपाण दादांना सांगायचं होतं.

खारपाणपट्टा, शुक्रवार रात्री १०.१०

चार-पाच दिवस मुद्दामच लिहिलं नाई. सातबारा ताईचं वाचून पयले राग आला, खोटं कायले बोलू. मंग रात्री वही काढली, मागच्या साली बाहेरच्या बायांले वेचणीचे किती देले ते पाह्यलं, अन् भावजयीनं किती वेचला तो अंदाज लावला. तिचे पंचवीस-सव्वीस हजार निघाले, नुसते वेचणीचे. निंदण-सोंगणी धरलीच नाई. भाऊ वर्षाले जेवढे पाठवते त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढे तर हेच झाले. मायले दाखवलं तर ते म्हणते, हे तुले आज समजलं काय.

मंग काल जेवण झाल्यावर भावजयीलेच विचारलं. लग्न होऊन आठ वर्षं झाले, मी तिले असं समोर बसून कधी काई विचारलं नव्हतं, ते पदर सावरून मायच्या मागं जाऊन बसली. माय म्हणे बोल, तो खात नाई तुले. मंग बोलली. म्हणे, "पयले रूम पाहू द्या मले. संडास कुठी हाये, पाणी कोन्या वेळेले येते, पोरीले शाळा किती दूर. अन् मले बी काम भेटलं तं जातो, नाई तं इथलं वावर सोडून तिथं चार भिंतीत बसून काय करू. अन् मायचं कसं?" हे सगळं तिच्या मनात आधीचंच तयार होतं, आम्हीच विचारलं नव्हतं. भावालेही तिनं हेच सांगतलं होतं म्हणे, तो ते मले सांगतच नव्हता, त्याले वाटे मी म्हणीन बाई डोक्यावर बसली.

तर असं ठरलं. सोयाबीनची सोंगणी अन् पयला वेचा झाला की दिवाळीनंतर भावजय, पोरगी अन् माय आठ दिवस चाकणले जाऊन पाहून येतीन, त्या चार पोट्ट्यांले तेवढे दिवस दुसरीकडं झोपा म्हणलं. पटलं तर जून मधी, शाळेच्या सुरवातीले जाईन, गुरुजीनं सांगतलं तसं. माय माझ्याजवळच. औंदा वेचणीले मी मेळघाटचे मजूर आतापासूनच सांगून ठेवतो. फोन नंबरचं अन् ई-पीक पाहणीचं तर माझंच नाव आहे, तरी तिचा नंबर बँकेत टाकून देला, ताई, तुमच्यामुळं.

ठिय्या भाऊ, पायाचं कसं आहे?

आता एक काम सांगतो, चाकण_चौक दादा किंवा कोणी त्या भागात असन तर. तळमजल्याची रूम पाहिजे, संडास आतमधी, झेडपी शाळा चालत जाण्याजोगी, सहा हजाराच्या आत. शेजारी आपल्याकडच्या दोन-चार बाया असल्या तर पाचशे वर गेले तरी चालतीन.

ठिय्या, शुक्रवार रात्री १०.३२

पाय ठीक आहे. पावसात दुखते. कालपासून सेंट्रिंग सोडून टाईल्सवर आलो, उंचीवर चढायचं नाई.

चाकण_चौक, शुक्रवार रात्री १०.५०

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. आमच्याच चाळीत एक रिकामी होतेय, नांदेडच्या ताईच्या शेजारची. तळमजला आहे, शाळा दहा मिनिटं. संडास आत नाही, पण दोन घरांत एक आहे आणि त्याला कुलूप लागतं. वहिनींना येऊ द्या, बघून ठरवू द्या. येताना तुरीची डाळ आणायला सांगा, भाडं त्यातूनच कमी करून घेऊ मालकाकडून.